कोणत्याही पक्षात न जाता हवामान बदलाच्या प्रश्नावर निवडणुकीत काय करता येईल?

तुम्ही विचारले आहे की परभणी जिल्ह्यातल्या गावात राहून, कोणत्याही पक्षाचा गमछा गळ्यात न घालता, हवामान बदलाच्या प्रश्नासाठी निवडणुकीत काही करता येते का. येते. लातूर जिल्ह्यात मी काही मित्रांबरोबर हे काम करत आलो आहे. मात्र सुरुवात लोकसभेपासून करू नये, असे माझे मत आहे.

लोकसभेच्या उमेदवाराला हवामान बदलाविषयी विचारले, तर आपला पाठिंबा आहे एवढे सांगून तो पुढच्या गावाला निघून जातो, कारण त्या प्रश्नात त्याला अडकवणारे काहीच नसते. जिल्हा परिषदेच्या गटात किंवा ग्रामपंचायतीच्या प्रभागात उमेदवार ओळखीचा असतो, थोड्या मतांनी निकाल फिरतो आणि पाणी, पाझर तलाव, झाडे यांवरचा खर्च तिथेच ठरतो. सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूकही मी यातच धरतो, जरी तिला पर्यावरणाशी कोणी जोडत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या परिसरात उसाला किती पाणी द्यायचे, हा प्रश्न कारखान्याच्या सभासदांनी विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा? घरात कोणी सभासद असेल, तर उसाच्या ठिबकसाठी कारखाना नेमके काय करणार, हे पॅनेलच्या उमेदवारांकडून लेखी घ्यावे.

प्रश्न जितका स्थानिक, तितके उत्तर टाळणे अवघड जाते. उदाहरणार्थ, महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर अतिवृष्टी धरली जाते. पण पर्जन्यमापक एका गावात आणि ढगफुटी दुसऱ्याच शिवारात झाली, तर नुकसान होऊनही नोंद होत नाही. तेव्हा विधानसभेच्या उमेदवाराला विचारावे की आमच्या गावात पर्जन्यमापक बसवण्यासाठी तुम्ही कोणत्या महिन्यापर्यंत पाठपुरावा कराल. सप्टेंबर २०२५ च्या पुरात ज्यांची जमीन खरवडून गेली, त्यांना या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

सर्व उमेदवारांना तेच प्रश्न द्यावेत आणि सर्वांची उत्तरे, न दिलेल्यांच्या नावापुढे कोरी जागा ठेवून, एकाच पत्रकात छापावीत. पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ता असणे कायद्याने आवश्यक आहे. एखाद्याच उमेदवाराच्या प्रचारासाठी त्याच्या लेखी परवानगीशिवाय खर्च करणे हा गुन्हा ठरतो, म्हणून निष्पक्षता इथे केवळ सभ्यतेची बाब नाही.

याहून महत्त्वाचे काम मतदार यादीचे आहे, आणि त्यात फोटो काढण्यासारखे काही नसल्यामुळे ते फारसे कोणी करत नाही. वर्षातल्या १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखांना १८ वर्षे पूर्ण होणाऱ्यांना नमुना ६ भरून नोंदणी करता येते. स्थानिक निवडणुकीसाठी विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेला घेतली जात असल्याने उशिरा भरलेला अर्ज त्या वेळी कामी येत नाही. ऊसतोड कामगारांचा प्रश्न तर अधिकच बिकट आहे: २० नोव्हेंबर २०२४ चे विधानसभेचे मतदान ऊसतोडीच्या हंगामाच्या तोंडावर आले, म्हणजे दुष्काळाने ज्यांना कोयता हाती घ्यायला लावला, त्यांनाच मतासाठी परत यावे लागण्याची वेळ आली. त्यांना उमेदवाराच्या गाडीने आणणे हा कायद्याने भ्रष्ट आचार ठरतो; म्हणून हंगामाआधीच मुकादमांशी बोलून मतदानाच्या दिवसाची सुटी ठरवून घ्यावी.

निकालानंतर ती लेखी उत्तरे बासनात ठेवू नयेत. पुढच्या ग्रामसभेसाठी विषय आधी लेखी द्यावा, निवडून आलेल्या सदस्याला बोलावून त्याचेच उत्तर वाचून दाखवावे आणि त्यावरची चर्चा इतिवृत्तात नोंदवून त्याची प्रत मागून घ्यावी.