लिनक्सवर रोजचं काम: तुमचे प्रश्न आणि उत्तरं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून लिनक्सबद्दल, म्हणजे विंडोजच्या जागी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल, विचारणारे वाढलेत. त्यातले चार प्रश्न आज घेतो.

सहाव्या जनरेशनचा आय-३ लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम. विंडोज ११ घेत नाही, दुकानदार म्हणतो भंगारात काढा. ब्राउझर, यूट्यूब आणि मुलीचा अभ्यास एवढंच काम आहे. लिनक्स चालेल का?

चालेल की! भंगारात अजिबात काढू नका. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, तुमचा त्या यादीत बसत नाही एवढंच, मशीनला काही झालेलं नाहीये. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, रुफस या विंडोजवरच्या छोट्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर चढवा आणि इन्स्टॉल न करता तिथूनच एक-दोन दिवस वापरून बघा, म्हणजे वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का, झाकण मिटून परत उघडलं की मशीन जागं होतंय का. हे सगळं जमलं तरच पुढे जा, आणि त्याआधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा, कारण इन्स्टॉल करताना घाईत ‘इरेज डिस्क’ निवडून सगळं घालवणारे लोक दर वेळी भेटतात. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पैसे खर्च करायचेच असतील तर जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाका, फरक पहिल्याच दिवशी कळेल. बाकी ४ जीबीत वीस टॅब उघडले तर लिनक्सवरही अडकणारच.

मी शिक्षिका आहे. शाळेच्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीत आणि डीव्हीबी फॉन्टमध्ये आहेत. लिनक्सवर मराठी टाइप करता येईल का आणि जुन्या फाइल उघडतील का?

ताई, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टायपिंगची काळजीच नको. मिंटमध्ये ‘इनपुट मेथड’ मध्ये जाऊन आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअर बसवली की मराठी कीबोर्डचे बरेच पर्याय येतात, इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, गमभनची सवय असेल तर तेही आहे, टाइपरायटरवर शिकलेल्यांसाठी रेमिंग्टनही आहे. लिब्रेऑफिसमध्ये जोडाक्षरं नीट उमटतात.

जुन्या फाइलींचं मात्र अवघड आहे. त्या फॉन्टमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो, इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी चित्र बसवलेलं असतं. फॉन्टची फाइल लिनक्सवर टाकली तर वाचता येईल कदाचित, पण दुरुस्ती करायला तो कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर लागतं आणि ते विंडोजचं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, शाळेत एक तरी विंडोज मशीन चालू आहे तोवर सगळ्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, करून घ्या, लिनक्सवर या किंवा नका येऊ. कन्व्हर्टरने केल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच होतात. वर्षानुवर्षांची मेहनत एका सॉफ्टवेअरच्या लायसन्सवर अवलंबून राहणं मला बघवत नाही.

झेरॉक्सचं दुकान आहे, सोबत जीएसटीची कामं घेतो. टॅली, डिजिटल सिग्नेचर आणि कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर. लिनक्सवर जाऊ का?

दुकानाच्या मुख्य मशीनवर नका जाऊ. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, वाइनमधून (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवायची सोय) कसंबसं चालवलं तरी वीस तारखेला रिटर्न भरायच्या दिवशी ते अडकलं तर गिऱ्हाईक तुम्हालाच बोलणार. डिजिटल सिग्नेचर ज्या यूएसबी टोकनमध्ये असते त्यालाही स्वतःचा ड्रायव्हर लागतो. आणि एलबीपी २९०० आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतो, पण त्याची कॅप्ट नावाची छपाईची पद्धत कंपनीची स्वतःची, लिनक्सचा ड्रायव्हर जुना, बसवताना घाम निघतो. एचपीचे बरेच प्रिंटर एचपीलिप या लिनक्सच्या ड्रायव्हरवर सरळ चालतात, त्यामुळे पुढचा प्रिंटर घेताना लिनक्सचं आधी बघून घ्या.

पण गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह उघडायला एक जुनं मशीन लिनक्सवर ठेवाच! ज्या व्हायरसने फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट केलेले असतात तो तिथे चालतच नाही आणि लपवलेले फोल्डर बहुतेक वेळा समोर उघडे दिसतात. त्यातून फाइल काढून द्यायची, माणूस खूश होऊन जातो.

दोन्ही सिस्टिम एकाच लॅपटॉपवर टाकल्यात. मिंट वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे! बॅटरी गेली का?

बॅटरी ठीक आहे. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, आणि आपण त्यापेक्षा बरोब्बर साडेपाच तास पुढे. मिंटच्या टर्मिनलमध्ये timedatectl set-local-rtc 1 ही कमांड द्या, म्हणजे लिनक्सही तिथे भारतीय वेळच ठेवेल आणि भांडण मिटेल. सोबत विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ पण बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि डी ड्राइव्ह लिनक्समध्ये नुसता वाचता येतो, त्यात काही सेव्ह होत नाही, आणि मग लोक हार्डडिस्क खराब झाली म्हणून नवीन घेऊन येतात.