हात लवकर परततात, नजर उशिरा

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद.

स्पोर्ट बाइक बुक केलीस आणि आता ती ताब्यात यायची वाट बघतोयस, हे वाचून फार बरं वाटलं. मध्ये इतकी वर्षं गाडी सुटली होती, तरी ओढ सुटली नव्हती, हे मला माहीत होतं. "काका, परत सुरुवात कुठून करू?" असं विचारलंयस. उत्तर जरा लांबलचक होईल, पण निवांत वाच आणि गाडी येण्याआधी वाच.

सगळ्यात आधी मनातली एक भीती काढून टाक. तोल, क्लच, गिअर हे सगळं परत येतं. अर्ध्या-पाऊण तासात हातापायांना आठवतं. वळताना हँडलला कुठल्या बाजूने हलका रेटा द्यायचा, हेसुद्धा शरीर आपसूक करायला लागतं. मला काळजी आहे ती याच अर्ध्या तासानंतरची. कारण तेव्हा मन म्हणतं, "आलं की सगळं!" आणि सगळं आलेलं नसतं. हात परतलेले असतात, नजर परतलेली नसते. थांबलेली गाडी निघणार आहे हे ती निघण्याआधी ओळखणं, वळणापलीकडे रस्ता वेगळ्या रंगाचा दिसतोय म्हणजे तिथे खडी किंवा ओल असणार हे दुरूनच हेरणं, दोन वाहनांमधली फट मिटत चाललीय हे जाणवणं, हे सगळं हजारो किलोमीटर चालवून अंगात मुरतं आणि चालवणं थांबलं की गुपचूप ओसरतं. क्लच चुकला तर इंजिन बंद पडून तुला लगेच सांगतं. नजर मंदावलीय हे मात्र कुणीच सांगत नाही.

हे मी नुसतं अंदाजाने लिहीत नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ साली त्याचा अहवाल आला. त्यातली एक गोष्ट तुझ्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. अपघातात सापडलेल्या निम्म्याहून जास्त चालकांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेसुद्धा झाले नव्हते. रस्त्यावर मोटरसायकल चालवण्याचा त्यांचा एकूण अनुभव मात्र जवळपास तीन वर्षांचा होता. म्हणजे ते नवशिके नव्हते, गाडी त्यांना नवी होती. तुझ्या बाबतीत गाडीही नवी आणि मध्ये खंडही पडलेला. म्हणून पहिले पाच-सहा महिने तू स्वतःला शिकाऊ समजावंस, असं माझं ठाम मत आहे. जुन्या अनुभवाचा हिशेब त्यानंतर.

आता गाडीविषयी. तुझ्या जुन्या गाडीवर पाठ सरळ असायची, हँडल उंच होतं. इथे हँडल खाली, पायाच्या पट्ट्या मागे आणि वर, अंग पुढे झुकलेलं. पहिल्या दिवशी सगळा भार मनगटांवर येईल. भार मनगटांवर आला की हात ताठ होतात आणि खड्डा लागल्यावर ताठ हातांतून नकळत रेस वाढते. यावर उपाय म्हणजे गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, पोट आणि कंबर आवळून वरचं अंग तोलायचं आणि कोपर सैल ठेवायचे. धावत्या गाडीवर हातांची बोटं पियानोच्या पट्ट्यांवर फिरवावीत तशी मोकळी हलवता आली पाहिजेत. येत नसतील तर तू हँडलला लटकलेला आहेस असं समज.

हँडल दोन्ही बाजूंना फारसं वळत नाही, त्यामुळे अरुंद जागेत यू-टर्न जुन्या गाडीसारखा होणार नाही. नव्या गाड्या बऱ्याचदा अशाच वळवताना, चालीच्या वेगात आडव्या होतात. तिथे मागचा ब्रेक हलका दाबून, क्लच अर्धा धरून, मान पूर्ण वळवून जिथे जायचंय तिथे बघायचं. पुढचा ब्रेक अजिबात नाही. जमत नसेल तर उतरून ढकल, त्यात कमीपणा नाही. आरशांत बऱ्याचदा आपलेच कोपर दिसतात, म्हणून लेन बदलताना मान वळवून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लाव.

आणि वेग. या गाड्यांची सगळ्यात फसवी बाब हीच आहे. पुढची काच वारा अडवते, इंजिन गुळगुळीत चालतं, सस्पेन्शन घट्ट असतं, त्यामुळे १०० चा वेग ६० सारखा वाटतो. रस्त्याला मात्र फसवता येत नाही. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने साधारण २८ मीटरमध्ये थांबशील. ताशी १०० ला तेच अंतर ८० मीटरच्या वर जातं. वेग दुप्पट, थांबायचं अंतर जवळजवळ तिप्पट, कारण नुसतं ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. म्हणून सुरुवातीला दर काही मिनिटांनी मीटरकडे एक नजर टाकत जा. अंगाला जाणवणारा वेग अजून भरवशाचा नाही.

गाडीला रायडिंग मोड असतील तर पहिला महिना रेन मोडमध्येच चालव, कोरड्या रस्त्यावरसुद्धा. त्यात रेस मऊ होते, मनगट चुकून जास्त फिरलं तरी गाडी उसळत नाही. मित्र हसतील तर हसू देत. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (रेस जास्त झाली तर मागचं चाक जागेवर घसरू न देणारी यंत्रणा) असणं चांगलंच, पण त्यांचं काम नीट समजून घे. साधं एबीएस सरळ रेषेत चाक लॉक होऊ देत नाही. झुकलेल्या गाडीवर जोरात ब्रेक दाबल्यावर सावरण्यासाठी गाडीचा झुकाव मोजणारी वेगळी यंत्रणा लागते आणि ती सगळ्या गाड्यांत नसते. तुझ्या गाडीत आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघ. आणि ती असली तरी वेगात घुसलेलं चुकीचं वळण कुठलीही यंत्रणा बरोबर करून देत नाही.

गाडी ताब्यात घेताना टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते ती वाच. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नवी म्हणून मिळालेली गाडी बराच काळ उभी असू शकते. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो, पकड कमी असते. शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवायचं, हळूहळू थोडं-थोडं झुकवत जायचं. ब्रेक पॅडही बसायला वेळ घेतात. इंजिनाच्या रनिंग-इनचं, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला सांभाळून चालवायचं, कंपनीने जे लिहिलंय ते तंतोतंत पाळ. पहिली सर्व्हिस होईपर्यंत गाडी हळू चालवायला यापेक्षा चांगलं निमित्त तुला मिळणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: ब्रेक. हर्ट यांच्या अहवालात हेही आहे की संकटात बहुतेक चालकांनी मागचा ब्रेक इतका दाबला की चाक घसरलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात असते, कारण ब्रेक लागताच वजन पुढे सरकतं आणि पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो. पण हा दाब तयार व्हायला क्षणभर लागतो. तेवढा वेळ दिला नाही, लिव्हर झटक्यात ओढला, तर टायरवर भार येण्याआधीच चाक अडतं.

एखादं मोकळं, कोरडं, सपाट पटांगण शोध. ताशी ३० ने सरळ ये. एका ठरलेल्या खुणेवर दोन बोटांनी लिव्हर आधी फक्त टेकवायचा, म्हणजे पॅड डिस्कला लागल्याचं बोटांना कळेल. मग लिंबू पिळतो तसं दाबत जायचं. पुढचं सस्पेन्शन खाली बसताना जाणवेल. ते बसलं की मग जोर वाढवत ने, तेव्हा टायर जास्त धरून ठेवतो. गुडघे टाकीला, नजर समोर दूर, पुढच्या चाकावर नाही. गाडी थांबता-थांबता दाब थोडा सैल कर, म्हणजे शेवटचा हिसका बसणार नाही. क्लच ओढून पहिल्या गिअरवर ये आणि आरशात बघ, कारण रस्त्यावर तू थांबलास तरी मागचा थांबलाय की नाही हे तुलाच बघायचंय. ३० ला जमलं की ४०, मग ५०. एबीएस असेल तर एक-दोनदा मुद्दाम ते चालू होईपर्यंत लिव्हर दाब. लिव्हर थरथरतो, घाबरून सोडायचा नाही. ही थरथर पहिल्यांदा पटांगणात अनुभवावी, समोर ट्रक आडवा आल्यावर नाही. हा सराव एकदा करून संपत नाही. दर आठवड्याला गाडी बाहेर काढलीस की पहिली दहा मिनिटं याला दे.

रस्त्यावर उतरशील तेव्हा पहाटेची, कमी रहदारीची वेळ निवड आणि माहितीचा रस्ता घे. रात्र, पाऊस, महामार्ग हे सगळं नंतर, एकेक करून. पावसाच्या पहिल्या सरीला तर थांबच. रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येऊन तेव्हा सगळ्यात जास्त घसरण असते. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं पूर्ण पावसाळाभर घसरडीच.

चौकाबद्दल सविस्तर लिहितो. त्याच अभ्यासात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश टकरींत दुसऱ्याने मोटरसायकलची वाट अडवली होती. म्हणजे नियमाने तू बरोबर असशील, आणि तरीही पडशील. ते मुद्दाम आडवे येत नाहीत. मोटरसायकल समोरून अरुंद दिसते, म्हणून ती आहे त्याहून लांब आणि संथ वाटते. शिवाय समोरच्या कारच्या पुढच्या काचेचा खांब तुला अख्खा झाकू शकतो. म्हणून चौकात थांबलेली गाडी दिसली की चालकाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. तो तुझ्याकडे बघत असेल आणि तरी तू त्याला दिसला नसशील. त्या गाडीचं पुढचं चाक बघ. चाक फिरायला लागलेलं गाडी हलल्याचं जाणवण्याआधी दिसतं. तोपर्यंत रेस सोडलेली, दोन बोटं ब्रेकवर, आणि लेनमध्ये थोडं बाजूला सरकून जा, कारण आडवी हालचाल माणसाच्या डोळ्यात पटकन भरते. हे प्रत्येक चौकात, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी. सुरुवातीला डोकं थकेल. मी म्हणतो ती नजर अशीच परत येते, दुसरा रस्ता मला माहीत नाही. थकलास की घरी ये.

वळणाचं थोडक्यात सांगतो. वेग वळणाआधी, सरळ असताना कमी करायचा, मग जिथून बाहेर पडायचंय तिथे बघायचं आणि रेस हलकी, एकसारखी ठेवायची. वळणाचा शेवट दिसत नसेल तर ते पुढे आणखी आवळतं असंच धरून चाल. आत शिरल्यावर वेग जास्त वाटला तर बहुतेक जण दचकून रेस झटक्यात सोडतात आणि कठड्याकडे बघत बसतात. जिकडे नजर, तिकडे गाडी. त्या क्षणी मान आतल्या बाजूला वळव आणि वळणाच्या आतल्या बाजूच्या हँडलला पुढे आणखी रेटा दे. या गाड्या आपल्याला वाटतं त्याहून खूप जास्त झुकू शकतात. गाडी पुरी पडते, घाबरलेला चालक अपुरा पडतो.

हेल्मेट जुनं वापरू नकोस. आतला थर्माकोलसारखा थर वर्षांनुवर्षांत खराब होतो, आणि एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बाद. पूर्ण चेहरा झाकणारं, डोक्याला घट्ट बसणारं घे. गाल दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून मागून वर ढकललं तर निघता कामा नये. हातमोजे, घोटा झाकणारे बूट, खांदे-कोपर-पाठीला संरक्षण असलेलं जॅकेट आणि गुडघ्यांना संरक्षण असलेली पँट, हे गाडीच्या किमतीतच धर. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून मोजे जवळच्या फेरीलाही. टायरमधली हवा गाडी थंड असताना आठवड्याला एकदा तपास, चेन सैल झालीय का तेही बघ.

ग्रुपबरोबर इतक्यात जाऊ नकोस, हे तुला आवडणार नाही हे ठाऊक आहे. पण ग्रुपमध्ये पुढचा जातो त्या वेगाने आपण जातो, आपल्याला दिसतं त्या वेगाने नाही. आणि मागे कुणाला बसवायचं तेही काही महिने लांबव. मागे वजन आलं की ब्रेकचं अंतर बदलतं, हँडल हलकं लागतं, आणि जी नजर अजून तुझ्या एकट्यासाठी तयार होतेय तिच्यावर दुसऱ्याचा जीव येतो. कुणी कितीही आग्रह केला तरी "अजून नाही" एवढंच सांग.

पहिल्या सर्व्हिसनंतर मला सविस्तर लिही: ब्रेकचा सराव किती वेगापर्यंत पोचलाय आणि मनगटं दुखतायत का. दुखत असतील तर लिव्हरचा कोन बदलायचा की बसायची पद्धत, ते तेव्हा बघू.

तुझा,
काका