डीबीए, लायन रॅम्पंट की ब्लॅक पावडर: मिनिएचर वॉरगेममध्ये लढाई सर्वात खरी कोणत्या नियमांत वाटते?

आधी एक सांगतो, हे तिन्ही म्हणजे टेबलावर छोटे रंगवलेले सैनिक हलवून लढाई खेळायचे नियमसंच, आणि तिघांचे काळच वेगळे आहेत. डीबीए प्राचीन काळापासून मध्ययुगापर्यंत, लायन रॅम्पंट मध्ययुगातल्या चकमकी, ब्लॅक पावडर 18वं-19वं शतक. तुलना करायचीच तर एका बाबतीत करता येते: हुकूम सोडला की सैन्य हलतं का?

दर वेळी हलू नये. ज्या नियमांत ते दर वेळी मुकाट्याने हलतं, ते माझ्या लेखी बुद्धिबळ, फक्त प्यादी रंगवलेली.

यावरून एका मित्राशी माझं दोन वर्षं बोलणं बंद होतं. ब्लॅक पावडरवर नेपोलियनची प्रशियनांशी झालेली लिन्यीची लढाई मांडली होती, 16 जून 1815. तो फ्रेंच, मी प्रशियन. या नियमांत हुकूम आधी तोंडाने सांगायचा, मग दोन फासे टाकायचे. प्रत्येक सेनापतीला एक आकडा ठरलेला असतो; बेरीज तेवढी किंवा कमी आली तर सैन्य चालतं. त्याच्या सेनापतीचा आकडा 8. नवीन रंगवलेलं घोडदळ, प्रत्येक घोड्याची छटा वेगळी, काय सांगू. त्याने गरजून हुकूम दिला आणि पडले 9. पुढच्या पाळीला 11. तिसऱ्या पाळीला 8, आणि हा टाळ्या वाजवत उठला.

मी म्हटलं, सेनापती लांब आहे, प्रत्येक पूर्ण 12 इंचांना एक आकडा कमी होतो. तुला 7 हवे होते. टेप लावली. 14 इंच.

"फाशांनीच लढायचं तर सापशिडी खेळू," म्हणाला आणि घोडदळ डब्यात भरायला लागला.

आता हिशेब बघा. 8 वर सलग तीनदा फसण्याची शक्यता शंभरात दोन. 7 वर तीच शंभरात सात. म्हणजे नशिबाचा भाग होता, नाही कशाला म्हणू, पण तिसरा हुकूम फाशाने नाही, सेनापती कुठे उभा केला त्याने फसला. हे नियम नेमकं तेच शिकवतात. आणि ज्या दिवसाची लढाई आम्ही मांडली होती त्याच दिवशी फ्रेंच सेनापती देर्लोंची कोअर (सैन्याचा मोठा विभाग), सुमारे 20,000 माणसं, लिन्यी आणि त्याच दिवशी दुसरी लढाई चाललेलं कात्र-ब्रा यांच्या मधे उलटसुलट हुकमांपायी येरझाऱ्या घालत राहिली आणि दोन्हीकडे लढलीच नाही. नेपोलियनच्या हाताखालचं सैन्य! मित्राच्या घोडदळाला मग तीन पाळ्या थांबायला काय झालं?

बरं, तुमचा प्रश्न. डीबीएतही हीच गंमत आहे, पण कमी सामानात. सैन्याचे जेमतेम 12 एलिमेंट (एका पट्टीवर चिकटवलेले सैनिक म्हणजे एक एलिमेंट), पाळीला एकच फासा. 1 पडला की एकच एलिमेंट किंवा एकत्र जोडलेला एक गट हलवायचा, बाकीच्यांनी बघत बसायचं. तासाभरात डाव आटोपतो. वाक्यरचना मात्र अशी आवळलेली की तीनदा वाचावी लागते. लायन रॅम्पंटच्या 2014 च्या आवृत्तीत एका तुकडीचा हुकूम फाशावर फसला की उरलेली पाळीच समोरच्याकडे जाते; माझ्यासारख्याला आवडतं, नवख्याला जाचतं. सागा या आणखी एका वॉरगेमबद्दल विचारलं नाहीत ते बरं केलंत. खेळ देखणा आहे, पण नजर सगळी बॅटलबोर्डवर, म्हणजे फासे मांडायच्या समोरच्या तक्त्यावर, मैदानाकडे कोण बघतो?

तर डीबीएपासून सुरुवात करा. ब्लॅक पावडरला मोठं टेबल आणि पुष्कळ मिनिएचर लागतात, हे आधीच सांगायला हवं होतं. आणि फासा मनाविरुद्ध पडल्यावर ज्यांचं डोकं फिरतं त्यांनी हे तिन्ही घेऊ नयेत, इथे मित्राचं म्हणणं मी मान्य करतो.

14 इंच मात्र तो अजून मान्य करत नाही. म्हणतो, टेप तिरकी धरली होतीस.