फेविकॉल वाळेपर्यंत हलशी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत दोघांनी गॅलरीत सुतारकाम मांडलंय, हे वाचून बरं वाटलं. पण सुट्टीचा एकच रविवार, त्यात टेबल करायचं की फिरायला जायचं यावरून शनिवारी रात्री तुमची जुंपते, हेही लिहिलंयस. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "दोन्ही करा म्हणावं."

आणि खरंच दोन्ही होतं. लाकूडकामात बराच वेळ आपण काहीच करायचं नसतं. सांधा चिकटवून क्लॅम्पमध्ये आवळला की तो वरून तासाभरात घट्ट वाटतो, पण पुरता जोर यायला चोवीस तास लागतात. नवशिके नेमके याच वेळात "बघू तर" म्हणून तो हलवतात. तुझा नवरा त्यातलाच दिसतोय. तेव्हा शनिवारी संध्याकाळी चिकटवायचं आणि रविवारी सकाळी घराला कुलूप घालून बाहेर पडायचं. कामाचे तुकडेच असे पाडा की शनिवार चिकटवण्यावर किंवा पॉलिशवर संपेल. निम्मी कापलेली फळी टाकून गेलात तर दिवसभर डोक्यात तीच राहते आणि गाडीत भांडण होतं.

एका वेळी एका फळीला दोघांनी हात लावू नये. आमच्याकडे पटाशी आणि रंधा माझ्याकडे, नवार विणणं आणि पॉलिश ह्यांच्याकडे. शेजारच्या आजी अजून गेटातून विचारतात, "काय करूलालाय गं, बाई माणूस करवत घेऊन?" विचारू देत. माप मात्र एकानंच घ्यायचं, तेही एकाच टेपनं. टेपच्या टोकाचा हूक वाकतो, झिजतो. दोन टेप कधी जुळत नाहीत. त्याहून बरं म्हणजे टेपवर फार विसंबूच नका. टेबलाचे चारही पाय शेजारी शेजारी ठेवा, टोकं सारखी करा, गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, लावून चौघांवर मिळून एकच रेघ ओढा. मग माप अर्धा सूत चुकलं तरी चौघांचं सारखंच चुकतं आणि टेबल डुगडुगत नाही.

लाकूड नवं घेऊ नका. बेळगाव-शहापुरात जुनी कौलारू घरं पडतायत, त्यांचे वासे, तुळया, दारांच्या चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात. साग असला तर उत्तमच. वर्षानुवर्षं वाळलेला, आता फारसा वाकणार नाही. फणसाचा तुकडा दिसला तर सोडू नका. ताजा कापलेला भाग हळदीसारखा पिवळाधमक असतो आणि उजेडात हळूहळू तांबूस तपकिरी होतो. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून घ्या. जुन्या वाशात डोकं तुटलेला खिळा हमखास असतो, आणि त्यावर पातं गेलं की धार लावण्यातच सकाळ जाते. पावती जपून ठेवा. चंदगडकडचे पाहुणे "सागाचा ओंडका आहे, घेऊन जा" म्हणतील, पण राज्याची हद्द ओलांडून लाकूड आणायला वनखात्याचा पास लागतो, आणि डिकीत घातला म्हणून तो काही लपत नाही. भीमगड, जांबोटीकडच्या रानात पडलेलं लाकूडही उचलायचं नाही.

आता पावसाचं. तुझा ड्रॉवर अडकतोय हे वाचून मला हसू आलं. लाकूड हवेतली ओल पिऊन आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात भिंतींना बुरशी येते, तिथं ड्रॉवरनं काय करावं? आत्ता तासू नका. तासलात तर मार्चमध्ये खडखडेल. कडांना मेण घासा आणि दिवाळीपर्यंत वाट बघा. टेबलाची वरची फळी खालच्या चौकटीला स्क्रूनं बसवाल तेव्हा चौकटीतली भोकं गोल नको, फळीच्या रुंदीच्या दिशेनं थोडी लांबट करा, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. चहूबाजूंनी जखडलेली फळी एखाद्या उन्हाळ्यात मधोमध फुटते.

घराबाहेर पडण्यापूर्वीची एक गोष्ट मात्र अजिबात विसरायची नाही. जवसाचं तेल लावत असाल तर पुसलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना तापतं. बोळ्यात उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं, काडी लावायची गरज नाही. दोरीवर एकेरी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. मगच कुलूप.

जायचं कुठं? फक्त सकाळ मोकळी असेल तर राजहंसगड. पूर्ण दिवस असेल तर खानापूरच्या पुढं हलशी. कदंब राजांच्या काळातली ही पलाशिका. भूवराह नरसिंहाचं देऊळ निवांत बघता येतं, गर्दी नसते. गोकाकचा धबधबा पावसाळ्यातच. ५२ मीटरवरून घटप्रभा कोसळते तेव्हा काठावर एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. तुमच्या शनिवारच्या वादावर तो उताराच म्हण. आंबोलीला पावसाळ्यातल्या रविवारी जाऊ नका, माणसांत माणूस दिसत नाही. त्यापेक्षा पाऊस ओसरल्यावर घाट उतरून सावंतवाडीला जा. चितारआळीतली लाकडी फळं आणि खेळणी हातात घेऊन उलटून बघा. पूर्वी ती पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करत. एखादा कारागीर लेथवर लाखेची कांडी धरताना दिसला तर तिथंच थांबा. फिरत्या लाकडाच्या घर्षणानंच लाख वितळते आणि रंग चढतो, ब्रश लागतच नाही. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवतात, तेही बघा. तू चित्रं काढतेस, ड्रॉवरच्या दर्शनी फळीला काहीतरी सुचेल.

दुकानातून खुर्चीचा सांगाडा आणू का, असं विचारलंयस. आणू नकोस. आमच्या माळ्यावर एक पडलाय, नवार तेवढी नवी लागेल. नवऱ्याला घेऊन ये, विणायला हे शिकवतील. ये, पण शनिवारी. रविवारी आम्ही घरी नसतो.

तुझी,
काकू