नर्सिंगचा प्रवेश: कोकणातल्या घराघरांतून आलेले प्रश्न

मुलगी बारावी कॉमर्स झाली. नर्सिंगला जाता येईल? एएनएम की जीएनएम? (एक आई, देवगड)

येईल. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं ते बी.एस्सी. नर्सिंगला. 2 वर्षांचं एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) आणि 3 वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) कुठल्याही शाखेतून करता येतं. ताई, पैशांची फारच ओढाताण नसेल तर जीएनएमच घ्या. एएनएम झालेली मुलगी आरोग्य सेविका होऊन उपकेंद्र सांभाळते, ते काम मोलाचंच. पण सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, व्हायला जीएनएम किंवा बी.एस्सी. हवं. जीएनएमनंतर 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून पदवीही मिळते.

घराजवळचं कॉलेज बरं की मुंबईचं? (पालक, गुहागर)

इमारत बघू नका, वॉर्ड बघा. मुलींची पोस्टिंग कुठे असते, तिथे खाटा भरलेल्या असतात का, बाळंतपणं होतात का, हे तिथल्याच शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता स्वतः तपासा.

डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडला प्राझोसिन वापरून विंचूदंशाचे कितीतरी रुग्ण वाचवले, हे कोकणाला ठाऊक आहे. पण ते औषध दिल्यावर पेशंट उठून बसला तर बीपी एकदम उतरू शकतं. त्याला आडवंच ठेवायचं, नाडी, श्वास, बीपी पुन्हा पुन्हा बघायचं, घाबरलेल्या घरच्यांनाही आवरायचं. हे सिस्टरचं काम, आणि रिकाम्या वॉर्डात ते शिकता येत नाही.

नर्सेस कमी आहेत म्हणतात, मग माझी बहीण अजून कंत्राटावर का? (भाऊ, रत्नागिरी)

दादा, तुमचा राग रास्त आहे. अध्यापन रुग्णालयाच्या, म्हणजे मेडिकल कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयाच्या, वॉर्डात 3 रुग्णांमागे 1 नर्स असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. अलिबाग, सिंधुदुर्ग, रत्नागिरीला सरकारी मेडिकल कॉलेजं आली, गरज वाढली. पण गरज वेगळी, मंजूर पद वेगळं आणि निघालेली जाहिरात वेगळी. कायम अधिपरिचारिकेचं मूळ वेतन 35,400 रुपयांपासून सुरू होतं, आणि तेच काम कंत्राटावरची मुलगी त्याहून कमी पैशांत करते. हा अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणते. तोवर बहिणीने अनुभवाचा दाखला वेळच्या वेळी घ्यावा, कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नये. उपकेंद्रावरचं समुदाय आरोग्य अधिकारी हे पद, हाही मार्ग आहे.

मुलाने नर्सिंग करावं का? (श्रीवर्धन)

जरूर करावं. एम्सच्या भरतीत 20 टक्के जागा पुरुषांसाठी असतात. कॅथेटर (लघवीची नळी) घालायला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आला की म्हाताऱ्या आजोबांचा संकोच किती कमी होतो, ते मी वॉर्डात पाहिलंय.