समोरचा पडला आणि मला बरं वाटलं, मी नॉर्मल आहे का?

लढाईवरून माझ्याकडे समुपदेशनाला आलेले लोक हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, म्हणून एकांची गोष्ट सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय). फौजेतून रिटायर झालेले, बायकोनेच ओढून आणलेलं, झोप नाही, चिडचिड फार, आणि तिची भीती वेगळीच, की ह्यांचा हात आमच्यावर तर उठणार नाही ना. बरेच दिवस ते फक्त झोपेबद्दलच बोलले. मग एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "मॅडम, तो पडला तेव्हा मला बरं वाटलं होतं."

म्हणजे मारल्यापेक्षा त्या बरं वाटण्याचाच त्रास जास्त. पण त्या क्षणी शरीर काय करतं बघा ना, अ‍ॅड्रेनलिन चढलेलं, नजर एकाच ठिकाणी खिळलेली, कित्येकांना स्वतःच्या बंदुकीचा आवाजही धड ऐकू येत नाही, आणि ट्रेनिंगमध्ये माणसाच्या आकाराच्या टार्गेटवर इतक्यांदा गोळ्या झाडलेल्या असतात की विचार यायच्या आधी हात काम उरकतो. मग कळतं आपण जिवंत आहोत. वाचल्याचा आनंद कुठला आणि मारल्याचा कुठला हे निवडत बसायला तिथे सवड कुणाला? अपराधीपणा मागाहून येतो, कधी कधी तर वर्षांनी.

"ड्युटी होती, तुमची काय चूक" हे सगळ्यांनी सांगून झालं होतं. माझ्या मते ह्यानेच माणूस जास्त गप्प होतो, पुढे बोलायला जागाच उरत नाही. ("किती मारले?" विचारणाऱ्या पाहुण्यांबद्दल तर न बोललेलंच बरं.) पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनात मागे राहणारा आघाताचा त्रास) हे निदान १९८० साली अमेरिकेतल्या सायकिअ‍ॅट्रिस्टांच्या मॅन्युअलमध्ये आलं, पुढे तिथल्याच माजी सैनिकांच्या अभ्यासात दिसलं की लढाईतले बाकीचे अनुभव हिशोबात धरले तरी जीव घेतल्याचा त्रास वेगळा उरतोच. म्हणून उपचारात नुसत्या भीतीवर काम करून भागत नाही, जीव घेतल्याबद्दलही बोलावं लागतं.

मी त्यांना त्या पडलेल्या माणसाला पत्र लिहायला सांगितलं. खूप टाळलं, मग लिहिलं. माफी वगैरे नव्हती, "तू मला मारणार होतास, मी आधी मारलं, तुला घरी कोण होतं माहीत नाही" असं काहीसं. अर्ध्यात थांबले, मीही आग्रह केला नाही.

बायकोला मात्र स्पष्ट सांगितलं, लढाईत मारलं म्हणून घरात हात उठेलच असं नाही, पण दारू वाढली, धमक्या सुरू झाल्या, घरात हत्यार असेल किंवा स्वतःचं बरंवाईट करायची भाषा आली तर माझ्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे न्या. झोपेची गोळी अजून चालू आहे, चिडचिड बरीच कमी झालीये.