जिनिंगमधील ‘जिन’

प्रश्न : आमच्या गावाजवळ कापसाचे जिन आहे. या नावाचा जिन नावाच्या दारूशी काही संबंध आहे काय? – एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : संबंध केवळ उच्चाराचा आहे. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राचे हे नाव ‘एंजिन’चे आखूड रूप असून, त्याच्या मुळाशी कल्पकता या अर्थाचा ‘इंगेनियुम’ हा लॅटिन शब्द आहे. अमेरिकेत एली व्हिटनीला अशा यंत्राचे पेटंट १७९४ मध्ये मिळाले, तरी यंत्र या अर्थाने ‘जिन’ हा शब्द इंग्रजीत त्यापूर्वी कित्येक शतके रूढ होता. (रुळांमधून कापूस ओढून सरकी वेगळी करणारी आपली चरकीही व्हिटनीच्या यंत्राहून जुनीच!) दारूचे नाव मात्र ‘जेनिव्हर’ या डच शब्दावरून आले, तो ज्युनिपर या झुडपाच्या नावाशी निगडित आहे.